पालथा पैलवान

हे लिहा असं मला कोणी सांगितलेलं नाही. डॉक्टरबाईंनी तर बोलणं कमी करा असंच बजावलं होतं. लिहिण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून लिहितोय. ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांनी वाचावं. ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांनीही वाचून ठेवावं, कारण या आजाराला पत्ता विचारावा लागत नाही.

आधी माझी ओळख. मी कोथरूड गावठाणातला. सारी नोकरी शहर बसमध्ये कंडक्टर म्हणून केली आणि सुट्टीच्या दिवशी जत्रेतल्या कुस्त्यांचं माइकवर निवेदन केलं. बसमध्ये घंटीची दोरी मी कधी ओढली नाही. मी "चला" म्हटलं की आमची बस तर सुटायचीच, पुढची आणि मागचीही सुटायची. कुस्तीच्या फडात माइक बंद पडला तरी कोणाला पत्ता लागत नसे. एकदा मुळशीत मी "डाव टाकला" असा पुकारा केला, तर तिकडे पौडात एक माणूस चीत झाला. यात थोडी अतिशयोक्ती आहे. तो पौडचा नव्हता, भूगावचा होता.

अशा माणसाची हवाच काढून घ्यायची, हा आजाराचा डाव. बेट्याला नस बरोबर माहीत होती.

सुकट

सकाळी आमच्या सुलोचनानं तव्यावर सुकट भाजायला घेतली. आमच्याकडची सुकट भाजली की तिसऱ्या गल्लीतली मांजरं भिंती चढून येतात आणि समोरचे लेले खिडक्या लावून घेतात. मांजरं आली. खिडक्या लागल्या. मला काहीच कळेना. तव्यावर वाकलो, नाकाचा शेंडा भाजून घेतला, तरी वास नाही.

दुसऱ्या लाटेचे दिवस ते. रस्त्यावर रुग्णवाहिका आणि कुत्री, बाकी शुकशुकाट. आदल्या आठवड्यात दूध आणायला गेलो होतो तर चौकात पोटरीवर पोलिसाची काठी बसली होती. त्या वळाचा रंग अजून उतरला नव्हता. म्हणून अंग दुखतंय ते काठीनं, अशी मी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी ताप असा चढला की कपाळावर ठेवलेल्या पाण्याच्या घडीची इस्त्री झाली. मग खोकला आला. खोकला म्हणजे, कोणीतरी छातीत शिरून आतून लाथा घालतंय, दमलं की जरा टेकतंय, आणि पुन्हा घालतंय.

सुलोचनानं वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली आणि बबन खाली आला.

बबन म्हणजे माझा मेहुणा, तिचा धाकटा भाऊ. एकटा जीव. जुना पैलवान, आता गावठाणातल्या तालमीत पोरांना शिकवतो. दारातून येताना त्याला वाकावं लागतं आणि तिरकंही व्हावं लागतं. मान अशी नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. कान मोडून कांदाभज्यांसारखे झालेले. त्यानं मला खांद्यावर टाकलं आणि भर गल्लीतून तपासणीला नेलं. मी त्याच्या पाठीवर खोकत होतो आणि तो वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "आमचं दाजी हायेत. जरा गरम झाल्यात."

तपासणी त्याचीही करून घेतली. घरी आल्यावर अहवाल आला, दोघंही सापडलो. बबनला हा अपमान वाटला. म्हणाला, "मला धरतोय व्हय? त्याला म्हनावं, आधी लंगोट बांधून ये." असं म्हणून तो जिन्यात बसला आणि त्याला उठता येईना.

सुलोचनाला काही झालं नव्हतं. गाडी आली तेव्हा ती जिन्याच्या वरच्या पायरीवर पदर तोंडाला लावून उभी होती. रडत नव्हती. तिच्या घराण्यात रडण्याच्या आधी मारायची पद्धत आहे.

"अहो," ती मला म्हणाली, "दोघं निघालात तसे दोघं परत या. एकटे आलात तर दार उघडणार नाही मी."

मी हसलो. ती हसली नाही.

मांडव

एका मोठ्या मैदानावर मांडव घालून तात्पुरतं रुग्णालय उभं केलं होतं. दारातच मारामारी चालू होती. कोणाचा तरी बाप गेला होता आणि मुलांनी काउंटरची काच फोडली होती. काचेवर रक्त, रक्तावर बूट. एकानं खुर्ची उचलली, दुसऱ्यानं सुरक्षारक्षकाची कॉलर धरली आणि मग दोघंही त्याच सुरक्षारक्षकाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडू लागले. आमचं स्ट्रेचर त्या गर्दीतून असं निघालं जशी शेवटची बस स्वारगेटवरून निघते.

आतलं सांगतो, म्हणजे जाणाऱ्याला धक्का बसणार नाही. तुम्हाला शिवणारी सगळी माणसं पांढऱ्या पिशवीत बंद असतात. चेहरा दिसत नाही, म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहितात. सकाळी सुई, दुपारी सुई, पोटात सुई. नाकातोंडावर मुखवटा, आणि त्यातून हवा अशी घुसते की वावटळीत तोंड उघडं ठेवून बसल्यासारखं वाटतं. भीती वाटते. मी मोठ्या आवाजाचा माणूस आहे, तरी सांगतो, मलाही वाटली. आणि कोणी तुमच्याकडे बघून अंगठा वर केला की ती थोडी कमी होते. तेव्हा अंगठा वर करत जा. फुकट आहे.

डॉक्टरबाई सदाशिव पेठेतल्या असाव्यात. मी पहिल्याच दिवशी त्यांना माझ्या आवाजाचे पराक्रम सांगायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, "आपण बोलणं थांबवलंत तर फुप्फुसं आपली आभारी राहतील. मीही."

छोटं मागायचं

माझ्या समोरच्या खाटेवर शेखचाचा होते. खडकी बाजारात त्यांचं सायकलचं दुकान, आजोबांपासूनचं. दाढी पांढरी, डोळे मिस्कील. त्यांनी एक खेळ काढला होता. दुपारची खिचडी झाली की प्रत्येकानं सांगायचं, बाहेर गेल्यावर पहिलं काय करणार. नियम एकच, छोटं मागायचं. काशी नको, परदेश नको, नातवाचं लग्न नको. मोठं मागितलं की वरचा घाबरतो, असं चाचांचं म्हणणं.

बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णी म्हणाले, "लक्ष्मी रस्त्यावर स्कूटर लावायला जागा मिळावी."

"छोटा मांगो बोला था," चाचा म्हणाले.

सगळा वॉर्ड हसला. हसताना खोकला लागला, खोकताना यंत्रं कोकलायला लागली आणि सिस्टर धावत आल्या. पण त्या दिवशी मला वाटलं की इथून बाहेर पडायचं असेल तर ते याच वाटेनं.

मी म्हणालो, भर गर्दीत कोणीतरी सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी भांडावं. बबन म्हणाला, ताक, तेल आणि लिंबू घालून मळलेल्या तालमीच्या लाल मातीत कोणीतरी आपल्याला उचलून आपटावं, नीट, कंबरेतून. चाचा म्हणाले, फाटकी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. ते इतकं शांतपणे म्हणाले की आम्हाला ते घमेलं दिसलं.

मग रोज आम्ही शहर आत ओढून आणायला लागलो. कुलकर्णींना मुलीनं फोनवर कचऱ्याच्या गाडीचं गाणं पाठवलं, आम्ही ते आरती ऐकावी तसं ऐकलं. एकाच्या बायकोनं तव्यावर फोडणी तडतडल्याचा आवाज पाठवला, तर तीन माणसांनी त्या दिवशी खिचडी संपवली. डॉक्टरबाईंच्या हातमोज्यावर माशी बसली तेव्हा मी हळू आवाजात निवेदन केलं की डॉक्टर लाल लंगोट, माशी काळा लंगोट. डॉक्टरबाईंनी माशी मारली आणि म्हणाल्या, "निकाल लागला. आता झोपा."

मग एका दुपारी चाचांची पाळी आली आणि ते बोलले नाहीत. खिचडी तशीच होती. त्यांचे डोळे छताकडे, छाती धाडधाड वर-खाली, जणू आतून कोणी दार फोडतंय. पांढऱ्या पिशव्या धावल्या. एकजण त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबू लागला, पूर्ण वजनानं, आणि मी बरगडी मोडल्याचा आवाज ऐकला. मी जन्मभर कुस्त्या पाहिल्या, तो आवाज मला कळतो. पडदा ओढला. पडद्याखालून पाय दिसत होते. मग ते पाय थांबले.

माझ्याकडे त्या दिवशी निवेदन नव्हतं.

बबन उठला

शेजारच्या खाटेवर बबन सगळं पाहत होता. चाचांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं आणि त्यानं मुखवटा ओरबाडून काढला, पट्ट्यांसकट. सलाइनचा खांब उचलून फेकला, तो दोन खाटा ओलांडून भिंतीवर आदळला. हातातली सुई उपटली, रक्ताची चिळकांडी चादरीवर. धरायला आलेल्या वॉर्डबॉयला त्यानं एका हातानं असं ढकललं की तो औषधांच्या गाडीवर जाऊन पडला आणि गाडी त्याच्यावर. मी माझ्या नळीसकट त्याच्याकडे वाकलो आणि मुखवटा त्याच्या तोंडावर दाबायला गेलो. त्यानं मला ठोसा मारला. खालचा एक दात जिभेवर आला. तो मी गिळला, थुंकायला जागा नव्हती.

तेवढ्यानंच तो थकला. उताणा पडला. ओठ निळे, बोटाला लावलेल्या चिमट्यातले आकडे खाली घसरत चाललेले. चार जणांनी मिळून मुखवटा परत चढवला.

डॉक्टरबाई माझ्या उशाशी आल्या. त्यांचा आवाज काचेमागून येत होता. "आपल्या मेहुण्यांनी पालथं झोपायला हवं. पोटावर. हवा आत शिरेल. नाहीतर घशात नळी घालावी लागेल, आणि नळी घातलेल्यांचं काय होतंय ते आपण बघताच आहात. आमचं ते ऐकत नाहीत. आम्ही वळवलं की तडफडून पुन्हा उताणे होतात."

मी विचारलं, काय म्हणतो तो.

"म्हणतात, वस्तादांची आण आहे."

मग मला उलगडा झाला.

ज्यांना कुस्ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरचा भारी पडायला लागला की कच्चा पैलवान मातीवर पोट लावून पालथा पडून राहतो. घोरपडीसारखा चिकटतो. मग वरच्याला त्याला उलटवता येत नाही आणि कुस्ती लांबत जाते. लोकांना याची चीड. असा पैलवान दिसला की फडातून चपला येतात. बबनचे वस्ताद तर या बाबतीत खाटीक होते. लहानपणी बबन एकदा, फक्त एकदा, मातीला चिकटला होता. वस्तादांनी त्याला तसाच पालथा ठेवून पाठीवर चिंचेचा फोक मोडेपर्यंत मारलं, दुसरा फोक आणायला त्यालाच पाठवलं, आणि पुन्हा पालथा पडणार नाही अशी आण घालूनच सोडलं. त्यानंतर बबन कुस्त्या हरला, हाडं मोडून घेतली, पण पोटावर कधी पडला नाही. घरी झोपतानासुद्धा नाही.

आता त्याच्या छातीवर असला पैलवान बसला होता की पोटावर पडणं हाच एक डाव उरला होता, आणि नेमका तोच त्याला वर्ज्य.

मी त्याला हळूच समजावलं, इथं फड नाही, लोक नाहीत, वस्ताद जाऊन कैक वर्षं झाली. मुखवट्याच्या आतून उत्तर आलं, "दाजी, मरंन. पर पालथा पडून न्हाय मरनार."

मला जिन्याच्या वरच्या पायरीवरची सुलोचना दिसली.

निवेदन

मी डॉक्टरबाईंना सांगितलं, मला मुखवटा काढून बोलू द्या. त्या नाही म्हणाल्या. मी म्हणालो, त्याला लोकांसमोर लाज वाटली पाहिजे, ती कुजबुजत वाटत नाही. त्यांनी माझ्या बोटावरचा आकडा बघितला, त्याच्या बोटावरचा बघितला. मग म्हणाल्या, "थोडक्यात. मी इथे उभी आहे."

मी मुखवटा खाली ओढला. छातीत सुरे फिरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे अतिशयोक्ती करण्याइतकी हवा नव्हती. म्हणून जे होतं तेवढंच बोललो.

"मंडळी. कोथरूडचा बबन." श्वास. "छातीवर बसलाय समोरचा." श्वास. "बबनची पाठ टेकली आहे."

बबनचे डोळे उघडले.

कुस्तीत पोट मातीला लागलं तर लाज जाते. पण पाठ लागली तर कुस्ती जाते. हे तालमीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बबन आल्या दिवसापासून पाठीवर पडून होता, हरलेल्या माणसासारखा, आणि हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण खाटेला कोणी माती समजत नाही. मी समजायला लावलं.

कुलकर्णींनी काय समजून ते देवाला ठाऊक, खिचडीच्या ताटलीवर चमच्यानं ठेका धरला. हलगीचा ठेका तो नव्हेच, लग्नातल्या बँडचा होता, पण ठेका होता. पलीकडच्या खाटेवरच्यानं पाण्याची बाटली वाजवायला घेतली.

"पंच बघतायत," मी म्हणालो. तोंडात दाताच्या जागचं रक्त. "बबन चीत. पहिल्या दिवसापासून चीत."

"दाजी," मुखवट्याच्या आतून गुरगुर आली, "त्वांड सांभाळा."

"पाठ टेकलेली दिसतेय. सगळ्यांना."

तो माझ्यावर धावून आला. म्हणजे मनातून धावला. अंगात तेवढं त्राण नव्हतं. पण मला मारायचं तर त्याला माझ्या बाजूला वळणं भाग होतं. त्यानं उजवा हात मागे घेतला, खांदा उचलला, कूस फिरवली. त्या क्षणाची मी वाट बघत होतो आणि डॉक्टरबाईही. त्यांनी नुसती मान हलवली. चार पांढऱ्या पिशव्या त्याच्या पाठीमागून तुटून पडल्या, एकानं कंबर, एकानं मांडी, दोघांनी खांदा, आणि तो अजस्र देह धाडकन पोटावर गेला. खाटेची एक पट्टी तुटली. त्याची लाथ एकाच्या तोंडावरच्या काचेला लागून काच तडकली. सिस्टर त्याच्या पोटऱ्यांवर आडव्या झाल्या. तो उशी चावत होता, दातांत उशी फाटली, कापूस बाहेर आला.

"पाठ सुटली," मी म्हणालो. आवाज कसाबसा निघत होता. "पाठ वर आहे. कुस्ती चालू आहे."

बबन तडफडायचा थांबला. गाल खाटेला लागलेला, एक डोळा माझ्याकडे.

"कोण म्हनत व्हतं चीत?"

"कोणी नाही. चालू आहे."

पुढचं मला माहीत नाही. डोळ्यांपुढे लाल माती आली आणि मी तिच्यात गेलो. शुद्ध आली तेव्हा माझ्या तोंडावर आधीपेक्षा मोठा मुखवटा होता आणि डॉक्टरबाई म्हणत होत्या, "थोडक्यात म्हणजे किती, हे आपल्याला कोणी शिकवलेलं दिसत नाही." पण माझ्या हातावरचा त्यांचा हात त्यांनी काढला नव्हता.

शेजारून आवाज येत होता. बबन मध्येच वैतागून उलटायला बघायचा, आणि माझी जागा कुलकर्णींनी घेतली होती. बँकेत सूचना वाचून दाखवावी तसं निवेदन चाललं होतं. "बबनराव पालथे आहेत. बबनराव अद्याप पालथेच आहेत. बबनराव, आपण डावा खांदा उचलत आहात, तसे न करावे. प्रेक्षकांत नाराजी आहे."

बबन उशीत तोंड खुपसून म्हणाला, "दाजी, लवकर बरं व्हा. ह्यांच्यानं मरंल मानूस."

आकडा वर चढला. एकदम नाही, चढावरची भरलेली बस चढते तसा, मधूनमधून मागे येत. पण घशात नळी घातली नाही.

भांडण

दोघांना एकाच दिवशी सोडलं. बबन निम्मा झाला होता. चड्डी एका हातानं धरून चालत होता. रिक्षा मिळाली. रस्ते मोकळे, झाडांखाली कोणी नाही, दुकानांची शटरं खाली. आणि कर्वे रस्त्यावर, जिथे त्या वेळी फक्त दोनच वाहनं होती, ती दोन एकमेकांवर आपटली होती. एक स्कूटर, एक दुधाचा टेम्पो. दोघंही तोंडाला फडकं बांधून भांडत होते.

बबननं रिक्षा थांबवायला लावली.

"आपल्याला डोळे दिलेत ना देवानं," स्कूटरवाले म्हणत होते, "मग कधी उघडूनही बघत चला."

"अख्खा रस्ता मोकळा आहे काका," टेम्पोवाला म्हणाला, "तुम्हाला हाच तुकडा आवडला?"

"मी कर भरतो. मला कुठलाही तुकडा आवडेल."

बबन डोळे मिटून ऐकत होता, एखाद्यानं गाणं ऐकावं तसं. रिक्षावाल्यानं विचारलं, नातेवाईक आहेत का. मी म्हणालो, हो.

गल्लीच्या तोंडाशी सुलोचना उभी होती. लेल्यांनी खिडकी उघडली होती. मी आधी उतरलो, मग हात देऊन बबनला उतरवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत, खांद्यांची हाडं, गळ्याची घळ. पुढे आली, टाचा उंचावल्या आणि त्याच्या कानाखाली वाजवली. असली वाजवली की कबुतरं उडाली. रिक्षावाल्यानं मान फिरवली.

"मला वाटलं मेलास," ती म्हणाली.

बबन गालावर हात ठेवून उभा राहिला. डोळे भरून आले होते. आत गेल्यापासून आम्हाला जो हात लागला तो रबरी मोजा घातलेलाच लागला होता. हा नुसता हात होता, कांद्याच्या वासाचा, बांगड्यांचा. वास मला आला, हे मला नंतर कळलं.

"अक्का," तो म्हणाला, "दुसऱ्या गालावर पन."

तिनं दुसऱ्या गालावरही मारली, मग दंडावर, मग छातीवर दोन्ही मुठींनी, आणि मारता मारता तिला रडू फुटलं. तो मारून घेत होता आणि म्हणत होता, मार, अक्का, मार.

मी मास्क खाली ओढला, गाल पुढे केला आणि माझी पाळी येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.